डोक्याच्या मारात कान: शंखास्थीच्या फ्रॅक्चरचं निदान आणि उपचार

दुचाकी घसरते, माणूस डोक्यावर आपटतो, कानातून रक्त येतं. कॅज्युअल्टीत पहिला तास सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे असतं आणि ते तसंच असायला हवं. पण त्याच गडबडीत केसपेपरवर दोन ओळी लिहायच्या राहून जातात: दोन्ही डोळे मिटतात का, आणि दोन्ही कानांनी ऐकू येतं का. चार-पाच दिवसांनी रुग्ण सावध होतो, तोंड एका बाजूला ओढलेलं दिसतं, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ विचारतो, "हे कधीपासून?" नातेवाईक म्हणतात कालपासून, सिस्टर म्हणतात आल्यापासून, आणि केसपेपर गप्प. ऑपरेशन करायचं की थांबायचं, हा निर्णय बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरतो.

हा लेख दोघांसाठी आहे: लहान गावात असे रुग्ण पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी, आणि वॉर्डात पेशंटच्या उशाशी बसलेल्या घरच्यांसाठी. शस्त्रक्रियेचं तंत्र यात नाही. कधी काय पाहायचं, काय लिहायचं आणि कुठे पाठवायचं, एवढंच आहे.

या हाडात एवढं काय आहे

शंखास्थी म्हणजे कानशिलापासून कानामागच्या उंचवट्यापर्यंत पसरलेलं आणि आत कवटीच्या तळापर्यंत गेलेलं हाड. कानशिलाजवळ ते पातळ आहे. आतला पेट्रस भाग मात्र शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एक. हातोडा, ऐरण, रिकीब ही तीन हाडं, ऐकण्याचं कर्णावर्त, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका, चेहरा हलवणारी सातवी नस, मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी आणि मेंदूतून परतणाऱ्या मोठ्या शिरा, हे सगळं याच हाडात किंवा त्याला खेटून बसलेलं आहे. असं हाड फुटायला जबरदस्त आघात लागतो. म्हणून शंखास्थीचं फ्रॅक्चर सापडलं की मेंदूला आणि मानेलाही मार असेलच असं धरून चालायचं.

अपघाताच्या जागी

१०८ ला फोन करा. मान न वळवता माणसाला सरळ ठेवा. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून सगळा माणूस एकदम कुशीवर वळवा.

कानात काही घालू नका. तेल नाही, हळद नाही, थेंब नाहीत, कापसाचा बोळाही नाही. रक्त थांबवण्यासाठी कान गच्च बंद करायचा मोह होतो, पण रक्तासोबत मेंदूभोवतीचं पाणी येत असेल तर बोळ्यामुळे ते आत साचतं आणि जंतूंना वाट मिळते. कानावर स्वच्छ गॉज नुसता सैल ठेवायचा. तो फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं आणि जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. शिवाय मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, नियुक्त रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचाराची तरतूद आहे. दाखल करतानाच विचारा.

कॅज्युअल्टीत

श्वास, रक्ताभिसरण, शुद्धीची पातळी, मानेला कॉलर: हा क्रम कानासाठी बदलत नाही. ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्धीची पातळी मोजणारा आकडा, ८ किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत ट्यूब घालावी लागते. कवटीचा तळ फुटल्याची शंका असताना नाकातून कुठलीही नळी घालू नये, पोटात जाणारी रायल्स ट्यूबसुद्धा नाही. ती फुटलेल्या तळातून मेंदूत गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. नळी तोंडावाटे घाला.

कानशिलाच्या पातळ हाडाच्या आतून मिडल मेनिन्जियल धमनी जाते. ती फाटली की हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. असा रुग्ण मध्ये काही वेळ अगदी ठीक बोलतो, चहा मागतो, आणि मग झपाट्याने बेशुद्ध होतो. "आता बरा आहे, घरी नेतो" म्हणणाऱ्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

आता त्या दोन ओळी. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला भुवया वर करायला, डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांगा. बेशुद्ध असेल तर भुवईच्या हाडाच्या कडेवर अंगठ्याने दाब द्या आणि चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आक्रसतो का पाहा. हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन देण्याआधी करायचं, कारण नंतर काही कळत नाही. अर्धं मिनिट लागतं. वेळ, तारीख आणि सही घालून लिहा: "चेहरा दोन्ही बाजूंनी हलतो" किंवा "डावी बाजू अजिबात हलत नाही". पाहता आलं नसेल तर "तपासता आलं नाही" हेही लिहा. मोकळ्या जागेपेक्षा ती नोंद बरी.

कान तपासताना

ओटोस्कोपने, म्हणजे कान पाहायच्या दिव्याच्या यंत्राने, पाहा, पण पिचकारी मारू नका. रक्ताची गाठ दिसली तर ती उकरायची नाही. निर्जंतुक सक्शन तज्ज्ञाच्या हातून होऊ द्या. पडद्यामागे रक्त साचलं असेल तर पडदा जांभळट-निळा दिसतो. कधी पडदा फाटलेला असतो, कधी कानाच्या नळीच्या वरच्या भिंतीत हाडाची पायरी दिसते.

कानामागचा निळसर डाग, ज्याला सर्जन बॅटल यांचं नाव आहे, तो बहुधा एक-दोन दिवसांनी उमटतो. पहिल्या दिवशी तो नाही म्हणून फ्रॅक्चर नाही असं होत नाही. रोज कानामागे पाहायचं. आणखी एक गोष्ट सहज सुटते: हनुवटीवर पडलेल्या माणसाच्या कानातून रक्त येतं तेव्हा जबड्याच्या सांध्याचं टोक मागे जाऊन कानाच्या नळीची पुढची भिंत फुटलेली असू शकते. तोंड उघडून पाहा, दात नीट जुळतात का विचारा.

कानातून पाणी येतंय का, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. गॉजवर मध्ये लाल आणि भोवती फिकट कडं दिसलं तर संशय घ्यावा, पण रक्तात दुसरं कुठलंही पाणी मिसळलं तरी असं कडं उमटतं. साखरेच्या पट्टीची चाचणीही भरवशाची नाही. खात्रीची चाचणी म्हणजे त्या द्रवातलं बीटा-२ ट्रान्सफेरिन, मेंदूभोवतीच्या पाण्याची ओळख पटवणारं प्रथिन. ती सगळीकडे होत नाही, पण नमुना पाठवता येतो. पडदा शाबूत असेल तर हेच पाणी कानातून न येता घशाकडच्या नळीतून नाकात उतरतं. "पुढे वाकलं की एका नाकपुडीतून पाणी टपकतं", "घशाला खारट लागतं" असं रुग्ण म्हणाला की सर्दी समजून गोळ्या देऊ नका.

रुग्ण सावध असेल तर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क काढा. कपाळाच्या मध्यावर ठेवल्यावर आवाज मार लागलेल्या कानात जास्त येत असेल तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त: रक्त साचलेलं, पडदा फाटलेला, हाडं निखळलेली. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर आतला कान किंवा नस दुखावली असावी. सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी एवढ्यावरही पुढचा बराच अंदाज बांधता येतो.

सीटी कुठली मागायची

पहिली सीटी मेंदूसाठी. ती जाड कापांची असते आणि तिच्यात शंखास्थीची बारीक भेग निसटते. काही खुणा मात्र त्यातही दिसतात: मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या उंचवट्याच्या, हवेच्या कप्प्यांत द्रव, जबड्याच्या सांध्यात किंवा कवटीच्या आत हवेचे बुडबुडे. त्या दिसल्या, किंवा कानातून रक्त, ऐकू न येणं, चेहरा न हलणं यातलं काही असलं, तर रुग्ण स्थिर झाल्यावर एचआरसीटी टेम्पोरल बोन, म्हणजे शंखास्थीची बारीक कापांची सीटी, करायची. काप १ मिलिमीटरपेक्षा पातळ हवेत. फॉर्मवर नुसतं "हेड इंजुरी" लिहिलंत तर रिपोर्टही तसाच येईल. "उजवा चेहरा आघातापासून हलत नाही, नसेचा मार्ग पाहावा" असं लिहा. या हाडात जन्मजात सांधे आणि बारीक नळ्या पुष्कळ असल्याने त्यांना भेग समजण्याची चूकही होते, म्हणून दुसऱ्या बाजूशी तुलना करणारा रेडिओलॉजिस्ट हवा.

भेग कॅरोटिडच्या बोगद्यातून जात असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांची सीटी, वेगळी मागावी लागते.

पूर्वी फ्रॅक्चरची विभागणी उभी (पेट्रस हाडाच्या लांबीला समांतर), आडवी (लांबीला छेदणारी) आणि मिश्र अशी करायचे. ७० ते ९० टक्के उभी असतात. आता जास्त उपयोगी ठरणारा प्रश्न वेगळा आहे: कर्णावर्त आणि अर्धवर्तुळाकार नलिकांभोवतीचं टणक कवच वाचलं की फुटलं? बहुसंख्य रुग्णांत ते वाचलेलं असतं. फुटलं असेल तर त्या कानाचं ऐकणं बहुतेक कायमचं जातं, चेहऱ्याची नस दुखावण्याची आणि पाणी गळण्याची शक्यता कितीतरी वाढते. रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

चेहरा हलत नसेल तर

गावाकडे "तोंडावरून वारं गेलं" म्हणतात आणि मग तेलमालिश, करंट, झाडपाला सुरू होतो. आधी हे पक्कं करा की दोष नसेचा आहे, मेंदूचा नाही. मेंदूतल्या बिघाडात कपाळाला बहुधा आठ्या पडतात. हाडातली नस दुखावली असेल तर कपाळासकट अर्धा चेहरा सपाट होतो.

नंतर दोन प्रश्न. आघाताच्या क्षणापासून आहे की नंतर आलं? आणि अर्धवट आहे की पूर्ण? मोजमापासाठी १९८५ ची हाउस-ब्रॅकमन श्रेणी वापरतात: १ म्हणजे नेहमीसारखा चेहरा, ६ म्हणजे काहीच हालचाल नाही. तिसऱ्या श्रेणीत जोर लावून डोळा पूर्ण मिटतो, चौथीत मिटत नाही. ही सीमारेषा घरच्या माणसालाही ओळखता येते. मोबाइलवर रोज एकाच उजेडात दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. कुठल्याही शब्दांपेक्षा तज्ज्ञाला त्याचा उपयोग जास्त होतो.

पहिल्या दिवशी चेहरा हलत होता आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बंद पडला, याचा अर्थ नस तुटलेली नाही, सुजलेली आहे. अशांतले बहुतेक बरे होतात. अर्धवट लकवाही सहसा आपोआप सुधारतो. यात स्टिरॉइड देतात, साधारण दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, काही दिवस पूर्ण डोस आणि मग उतरता. मात्र मेंदूला मोठा मार असेल तर न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय हात लावू नका. २००४ मध्ये क्रॅश नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तिच्यात १०,००८ रुग्ण होते. डोक्याच्या मारासाठी मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा डोस दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. डोस आणि हेतू वेगळे असले तरी हा निष्कर्ष डोळ्याआड करून चालणार नाही. मधुमेहींची साखरही बघायला हवी.

आघाताच्या क्षणापासून पूर्ण बंद असलेला चेहरा हा वेगळा रुग्ण समजावा. याला पहिल्याच आठवड्यात अशा ठिकाणी पाठवा जिथे नसेची विद्युत तपासणी, इलेक्ट्रोन्युरोनोग्राफी, होते. ही तपासणी पहिल्या तीन दिवसांत करून उपयोग नाही, कारण तुटलेल्या नसेचा पुढचा तुकडाही तोवर करंट वाहून नेतो आणि रिपोर्ट फसवा चांगला येतो. तीन ते चौदा दिवस हा तिचा काळ. दुसऱ्या बाजूच्या तुलनेत ९० टक्क्यांपेक्षा जास्त ऱ्हास दिसला तर नसेभोवतीचं हाड काढून तिला मोकळं करण्याचा विचार होतो. दोन-तीन आठवडे उलटले की सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूतली विद्युत हालचाल टिपणारी तपासणी, जास्त माहिती देते.

ऑपरेशनचा फायदा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझं मत असं: पहिल्या क्षणापासून पूर्ण लकवा आहे आणि सीटीत नसेच्या बोगद्यात हाडाची कपची घुसलेली दिसते, तर "महिनाभर वाट पाहू" म्हणण्यात अर्थ नाही. उशिरा आलेल्या लकव्यात मात्र घाईने हाड कोरणं मला पटत नाही. कुठून शिरायचं हे ऐकण्यावर ठरतं. ऐकू येत असेल तर आतला कान वाचवून जावं लागतं, ऐकणं गेलंच असेल तर सर्जनला थेट वाट मिळते. नस तुटलेली सापडली तर मानेतली किंवा पायाची संवेदनेची नस घेऊन जोड देतात. अशा जोडानंतर फार तर तिसऱ्या श्रेणीपर्यंत मजल जाते, हे रुग्णाला ऑपरेशनपूर्वीच सांगायला हवं. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून पहिली हालचाल दिसायला महिने लागतात.

नसेचं काही ठरो, डोळ्याची काळजी आजपासून. न मिटणाऱ्या डोळ्याची बुबुळं सुकतात, व्रण पडतो, दृष्टी जाऊ शकते. दिवसा एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणी मिटवून वरून आडवी टेप. आयसीयूत बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे सर्वांत जास्त विसरलं जातं, तिथे घरच्यांनी सिस्टरांना रोज आठवण करावी. डोळा लाल झाला किंवा दुखला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. करंट दिल्याने नस लवकर जोडते याला भरवशाचा पुरावा नाही. आरशासमोरचे हलके व्यायाम करायला हरकत नाही.

पाणी गळत असेल तर

बहुतेक गळती ७ ते १० दिवसांत आपोआप बंद होते. तोवर डोकं ३० अंश उंच ठेवून पडून राहायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. शौचाला जोर लावायचा नाही, त्यासाठी इसबगोल किंवा लॅक्टुलोज सुरुवातीपासून. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. सगळ्यांनाच "खबरदारी म्हणून" अँटिबायोटिक देण्याची पद्धत आहे, पण त्याने मेंदूज्वर टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न्यूमोकोकसची लस मात्र विचारून घ्यावी.

ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, वाढती डोकेदुखी, बडबड: यातलं काहीही दिसलं की तासाभरात रुग्णालय. आठवडा उलटूनही गळती सुरू असेल तर मेंदूज्वराचा धोका वाढत जातो. मग कमरेतून पाणी काढणारी नळी, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. कवटीत हवा शिरलेली असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत विमानप्रवास नको.

ऐकू कमी येत असेल तर

इथे घाई नको. पडद्यामागचं रक्त शोषलं जायला तीन-चार आठवडे लागतात आणि फाटलेले बहुतेक पडदे तीन महिन्यांत आपले आपण भरतात. त्या काळात पाण्यापासून जपायचं. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब टाकू नका, ते आतल्या कानाला अपाय करू शकतात. मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या कानाच्या थेंबांत हीच औषधं बऱ्याचदा असतात.

रुग्ण बसू शकला की पहिला ऑडिओग्राम (ऐकण्याच्या मोजणीचा आलेख), दुसरा सहा आठवड्यांनी, तिसरा तीन महिन्यांनी. तेव्हाही हवेतून आणि हाडातून ऐकण्यात ३० डेसिबलपेक्षा जास्त फरक उरला तर कानातली हाडं निखळलेली असणार, बहुधा ऐरण आणि रिकिबीचा सांधा. हे दुरुस्त होतं, आणि या सगळ्या प्रकरणातलं हेच ऑपरेशन निकालाच्या दृष्टीने समाधान देणारं आहे.

आतला कान गेला असेल तर औषधाने परत येत नाही. एका कानाने बहिरा झालेल्या माणसाला आवाजाची दिशा कळत नाही, गोंगाटात बोलणं समजत नाही. त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोचवणारी यंत्रं मिळतात. दोन्ही कान गेले असतील तर कॉक्लियर इम्प्लांटची चौकशी लगेच करा, कारण मार लागलेलं कर्णावर्त पुढे हाडाने भरत जाऊ शकतं आणि इम्प्लांटची तार आत सरकत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत श्रवणाच्या सगळ्या तपासण्या होतात.

चक्कर

कूस बदलली, वर पाहिलं की काही सेकंद सगळं गरगरतं: हे बीपीपीव्ही, मारामुळे कानातले कण जागचे हलतात. एपली नावाच्या हालचालींनी ते जागेवर आणता येतात. पण मान सुरक्षित आहे हे ठरल्याशिवाय डोकं वळवून कसलीही चाचणी करायची नाही. आतला कान निकामी झाल्याची चक्कर पहिले काही दिवस भयंकर असते, मग मेंदू सवय करून घेतो. म्हणून चक्करेच्या गोळ्या दोन-चार दिवसांपलीकडे लांबवू नका, त्यांनी ती सवय उशिरा होते. ऐकणं कमी-जास्त होत राहतंय आणि जोर लावला की चक्कर येते, तर आतल्या कानाचं पाणी झिरपत असू शकतं. त्याला तज्ज्ञच हवा.

घरी गेल्यावर

कानाच्या नळीतली कातडी भेगेत अडकून वर्षांनंतर कोलेस्टिॲटोमा, म्हणजे हाड पोखरणारी कातडीची गाठ, तयार होऊ शकतो, म्हणून कान बरा वाटला तरी वर्षाकाठी एकदा दाखवावा. बऱ्याच वर्षांनी मेंदूज्वर झाला, तोही पुन्हा झाला, तर त्या डॉक्टरांना जुन्या फ्रॅक्चरची माहिती आपणहून द्या. सीटीची सीडी सांभाळून ठेवा, नुसती फिल्म पुरत नाही.

अपघाताची केस म्हणजे एमएलसी, पोलिसांकडे नोंद होणारी मेडिको-लीगल केस. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ऐकण्याचं नुकसान मांडायचं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतला ऑडिओग्राम, एचआरसीटीचा रिपोर्ट आणि चेहऱ्याची वेळेसह नोंद, तिन्हींच्या प्रती लागतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा हिशेब वेगळा आहे: २०१६ च्या कायद्यात ऐकण्याच्या दिव्यांगत्वाची व्याख्या दोन्ही कानांतल्या डेसिबलवर आहे, ६० पासून पुढे. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला आहे, तर त्या व्याख्येत माणूस बसत नाही. न्यायाधिकरण मात्र त्या माणसाच्या कामाधंद्यावर काय परिणाम झाला हे पाहू शकतं, म्हणून ड्रायव्हर, शिक्षक, कॉल सेंटरमधला कर्मचारी असेल तर व्यवसायाचा उल्लेख डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातच करून घ्यावा.